टाकं कोणत्या बाजूला?

शुक्रवार, १० एप्रिल. संध्याकाळ.



जुन्नरहून पैठणकडे जाणारा प्राचीन रस्ता मध्ययुगात कुणीतरी कापडावर काढून ठेवला. त्यावरून मी आजचा नकाशा तयार केला. चार वर्षं, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. उद्या पहाटे पदभ्रमंती नेणारी अनुराधा पाच जणांना घेऊन त्यावरून चालणार. आणि आज कापडाचा फोटो पाहून ही म्हणाली, "अहो, फाट्यापुढच्या गावांची नावं उलटी का?"

उलटी. रोज पाहायचो मी ती! कापड संपलं म्हणून काढणाऱ्याने ते फिरवलं आणि रस्ता दुसऱ्या बाजूने परत आणला. मी मात्र कापडावरचं डावं ते डावंच ठेवलं. म्हणजे पाण्याचं टाकं माझ्या नकाशात डावीकडे, पण खरं वाटेच्या उजवीकडे. दिवसभरात पाणी तेवढंच. एप्रिलचं ऊन.

अनुराधाला फोन केला. "पाणी जास्त घ्या," एवढंच म्हणालो.

"काका, तुमचं टाकं आहे ना! तुमच्या नकाशात चूक निघाली, तर मी चालणंच सोडेन."

बरं म्हणून ठेवला. बरं? भीती त्यांच्या जिवाची, की माझ्या नावाची?

"सांगितलंत?" हिने विचारलं. मी नकाशाची घडी घालू लागलो. "मग नावं उलटी होती, तुम्ही सुलटे व्हा."

पुन्हा लावला, तर लागत नाही. ते जुन्नरजवळ डोंगराच्या पायथ्याच्या गावी मुक्कामाला निघालेत. जुन्नरची एसटी रात्री आठला आहे. आता तिथे जाऊन सहाही जणांसमोर, तोंडाने सांगावं लागणार.