गोकुळचा फोन मी सांभाळतो

३ फेब्रुवारी, सोमवार
गोकुळच्या फोनमध्ये नीलमचा नंबर आला. मांडवगण फराट्याची मुलगी, शिरूरला लॅबमध्ये कामाला. बघण्याचा कार्यक्रम झालाच आहे. आता दोघांनी काही दिवस फोनवर बोलायचं, मग ती काय ते कळवणार. हल्ली मुलगी कळवते. गोकुळ तेहतिशीला आला. आधीच्या स्थळांना पुण्यात फ्लॅट हवा होता. हे हातचं जाऊ द्यायचं नाही.
अडचण एकच. कुरकुंभच्या प्लांटमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत. ड्युटीभर तिचे मेसेज पडून राहणार. पोरगी रुसणार. निश्चय: फोन घरी ठेवायचा, उत्तरं मी द्यायची. गोकुळला सांगितलं, गेटवरच्या लॉकरमधून फोन चोरीला जातात. "बरं आप्पा," म्हणाला. गुणी पोर.

५ फेब्रुवारी, बुधवार
आजची मुलं शॉर्टफॉर्ममध्ये बोलतात. मला अवघड नाही. सगळी नोकरी रेल्वेत, दौंड जंक्शनला केबिनमध्ये गेली. टीएक्सआर, पीडब्ल्यूआय, डीआरएम. मला शॉर्टफॉर्म कोण शिकवणार?
नीलमचा मेसेज: "बीआरबी, पेशंट आलेत. आलेच." निरोप घ्यायची पद्धत दिसते. मीही बीआरबी लिहिलं. दुपारी गोकुळची आई सिंधू बाजारात निघाली, तिलाही म्हटलं, बीआरबी. ती म्हणाली, "गोळी घ्या आन् पडून ऱ्हावा."
वाचून झालं की मेसेज काढून टाकतो. कामावरून थकून आलेल्या पोराच्या डोक्याला ताण नको.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
गोकुळने विचारलं, "आप्पा, मी करू का तिला मेसेज?" म्हटलं, मुलाकडच्यांनी घाई करायची नसते. तिचा येऊ दे. "व्हय," म्हणून झोपला.
सकाळी नीलमने लिहिलं होतं, शेवंतीला भावच नाही, पप्पांनी सगळा माल बांधावर ओतला, घरात कोणी जेवलं नाही. स्टेशनवर मोबाईलवर खेळणारी पोरं हरलेल्याला 'जीजी' म्हणतात, ते मी नीट टिपून ठेवलंय. सांत्वनाचा शब्द. लिहिलं: "पप्पांना जीजी."
उत्तर आलं: "के."
फक्त के! आमच्या केबिनला गाडीत भानगड असली तरच लांबलचक निरोप यायचा. सगळं ठीक असलं की एक शब्द. जमलं म्हणायचं.

९ फेब्रुवारी, रविवार
गोकुळ बाहेर गेला असताना नीलमचे मामा भारतराव आले. स्थळ त्यांनीच आणलेलं, गोकुळच्याच प्लांटला असतात. म्हणाले, "नीलम म्हणती गोकुळ लई इंग्रजी झाडतो. कवा झाडतो? सकाळपास्नं तर माझ्याशेजारी मशिनीवर उभा आसतो." सिंधूला कुठं काय बोलावं ते कळत नाही. म्हणाली, "फोन घरीच आसतो की, ह्यांच्या उशाला." भारतरावांना हसताना चहाचा ठसका लागला. मोकळा माणूस. असे सोयरे मिळायला भाग्य लागतं.
ते गेल्यावर सिंधू म्हणाली, "अवं, लगीन पोराचं हाय का तुमचं?" मी फोन चार्जिंगला लावला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
जीजीचा परिणाम! नीलम एकदम मोकळी झाली. लांब लांब मेसेज. विचारलं, "तुझे आप्पा स्वभावाने कसे आहेत रे?" ही संधी. लिहिलं, आप्पा म्हणजे एक नंबर. घरात त्यांचा शब्द शेवटचा, पण जाच नाही. तिने डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे पाठवले, रांगेने. आनंदाश्रू. पोरीला सासऱ्याची आत्तापासून माया.
ही मुलगी घरात आली की गोकुळचं सोनं होईल. त्याचं एकट्याने ताट वाढून घेणं बघवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नीलमने विचारलं, "गोकुळ, खरं सांग, आपले मेसेज तुझे आप्पा वाचत नाहीत ना?"
लिहिलं: छे! आप्पांना दुसऱ्याच्या खाजगीत डोकावलेलं खपत नाही.
"शपथ?"
"आईशप्पथ. ओएमजी."
बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. मग आलं, "विचारायची ही शेवटची वेळ होती."
विश्वास बसला बहुतेक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या नीलम कळवणार. गोकुळ कटिंग करून आला. आरशात दोनदा बघितलं, मला पाहून लाजला. सिंधूने शेजारच्या सविताला लग्न ठरलं म्हणून सांगूनसुद्धा टाकलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी मेसेज आला. एकही शॉर्टफॉर्म नाही.
"आप्पा, तुम्हीच वाचताय हे मला रविवारपासून माहीत आहे. तरी शपथ घालून विचारलं, तुम्ही आईची शपथ घेतली. गोकुळ मला पहिल्याच दिवशी आवडला होता. मी हो म्हणणार होते. पण लग्न झाल्यावरही आमच्या दोघांत तुम्ही असाल. तेवढं त्याला सांगा."
पोरगी आतल्या गाठीची निघाली. बरं झालं आधीच कळलं.
गोकुळला हे वाचून त्रास होईल. काढून टाकला.

दुपारी ४
गोकुळ ड्युटीवरून आला. बूटसुद्धा काढले नाहीत. "आप्पा, काय आलं का?" म्हटलं, नाही रे. हल्लीच्या मुली अशाच.
तो फोन घेऊन ओट्यावर बसला. आज माझं न ऐकता स्वतः लिहिलं. मी मागून पाहिलं: "नीलम, तुझं उत्तर नाही असलं तरी चालेल. पण एकदा तुझ्याशी बोलायचं होतं." असं साधं लिहून कुठं जमतं का?

संध्याकाळ
गोकुळ ओट्यावरच आहे. मेसेजवर एकच टिक. तिने ब्लॉक केलं असणार.
"आप्पा, हिला मेसेज जात का न्हाई?"
म्हटलं, मांडवगणला रेंज नसते.
"व्हय," म्हणाला, आणि फोन हातात धरून बसून राहिला.