लळिंगवरून दिसणारं आपलं घर

प्रिय नाना,

आज आईनं चारचौघांत चक्क थाप मारली. तुमची पाठ केलेली थाप! म्हटलं, हे तुम्हाला कळवलं नाही तर मला झोप यायची नाही.

पण आधी तुमच्यावरचा राग. पाहुणा चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तुम्ही चपला घालून दारात उभे! मग त्याला पांझरेच्या चौपाटीवर नेणार, भेळ खाऊ घालणार. नदीत धड पाणी नसलं तरी, "उद्या धरणातून सोडणार आहेत, थांबा एक दिवस." किती जणांना थांबवलंत हो तसं?

आणि दुसऱ्या दिवशी लळिंगचा किल्ला. गुडघे दुखायला लागल्यापासून तुम्ही अर्ध्या वाटेवरच्या सपाटीवरच बसायचात. वर पाहण्यासारखं काही नाही, सगळं इथूनच दिसतं, असं ठणकावून सांगायचात. मग शहरातल्या एका पांढऱ्या ठिपक्याकडे बोट. "ते धवळं दिखस ना? तेच आमनं घर."

"काही बी सांगतस तुम्ही! ती पानीनी टाकी शे," असं आई पाहुण्यांसमोर म्हणायची. तुम्ही हसायचात, आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच दाखवायचात.

तुम्ही गेलात आणि तिनं उंबरठा ओलांडणंच सोडलं. मी पाचोऱ्याहून दर महिन्याला येते, चौपाटीवर चल म्हणते. "आते कोठे फिरानं माय! लोके काय म्हनतीन?" एवढंच उत्तर. जेवणही दोन घास. तुमच्याशी भांडल्याशिवाय तिला भूक लागत नव्हती का हो, नाना? मला तर तिची भीतीच वाटायला लागली होती.

काल माझ्या मृणालच्या होणाऱ्या सासूबाई आईला भेटायला कोल्हापूरहून आल्या. तुमच्या नातीचं जमलंय, हे सांगायचं राहिलंच बघा! आज सकाळी चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या धुळ्यात बघण्यासारखं काय आहे हो?"

या प्रश्नाला आजवर उत्तर तुम्हीच द्यायचात. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आई पदर खोचून उठली.

"शे ना, बरंच काही शे! चाला, मी दखाडस."

चपला शोधायला तिला वेळ लागला. कितीतरी दिवस घातल्याच नव्हत्या ना.

रिक्षानं लळिंग गाठलं. माझा हात धरून, थांबत थांबत ती तुमच्या सपाटीपर्यंत चढली. दम खाल्ला. वर काय आहे, असं विहीणबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "काहीच नही. बठ्ठं आठेनच दिखस." आणि मग हात लांब करून, अगदी तुमच्यासारखं, "ते धवळं दिखस ना? तेच आमनं घर."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं मला कोपरानं ढोसलं. "काय वं सुमी, दिखस का नही?"

"दिसतं," मी म्हटलं. रडू आवरेना मला.

येताना चौपाटीवर तिनं भेळेची अख्खी प्लेट संपवली. वर विहीणबाईंना सांगते, उद्या धरणातून पाणी सोडणार आहेत, थांबा एक दिवस!

त्या थांबल्यात, नाना.

मृणालच्या लग्नाला येईल त्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही दोघी लळिंगवर नेऊ, आपलं घर दाखवू. टाकीचं नाव मी काढणार नाही, शब्द देते.

तुमची,
सुमी