तेरा मेचं पाकीट

पाथरी, १२ जून २०२५

चि. किशन यास,

आशीर्वाद लिहायचा रिवाज हाय, म्हणून लिहिला समज. तू फोन उचलंना, म्हणून कागद.

माझी तब्येत बरी हाय. लयच बरी. काल परभणीच्या डॉक्टरकडं ऑपरेशनची तारीख विचारायला गेले, तर ते माझ्याच तोंडाकडं बघायले. म्हणे, "बाई, कॅन्सर न्हाईच तुम्हाला. जठराचं अस्तर जन्मापासून चुकून पुढच्या आतड्यात उगवलंय. हरभऱ्यात करडईचं झाड उगवावं तसं. दुर्बिणीत गाठ दिसली म्हणून शंका आली. तुकडा तपासला, साफ निघाला. रिपोर्ट तर तुमच्या भावानं तेरा मेला नेलाय."

लग्न अठराला होतं, किशन.

"अक्का, डोळे मिटायच्या आत पोरीवर अक्षता टाक," असं तूच उठता-बसता म्हणायलास. पोरगा तुझ्या मेव्हण्याचा. कृषी विद्यापीठातून ऋतिकाचा दाखला काढून आणलास तो तू. ती रडत रडत म्हणली, "आईसाठी करते." अन् तू पाच दिवस पाकीट दाबून मांडवात मिरवलास! भाऊ हायेस का वैरी? बापामागं पोरगी तुझ्या भरवशावर सोडली होती मी. तुझं वाटोळं हो म्हणावं वाटतंय.

आता राहिलेलं लिहिते. दोनदा खोडलं. हळदीच्या दिवशी सुपाऱ्या काढायला तुझ्या पिशवीत हात घातला, तर पाकीट हाती आलं. वर माझं नाव, दवाखान्याचा शिक्का. फोडलेलंच होतं. मी वाचलं न्हाई. वाईट असंल म्हणून भ्याले, हे खरं. पण चांगलं निघालं तर पोरगी मांडवातून उठंल, हेबी मनात आलं. आलं रे. पाकीट होतं तिथं ठेवलं अन् सुपाऱ्या वाटायला गेले.

ऋतिकाला अजून काहीच ठाऊक न्हाई. सेलूहून रोज फोन करते. परवा म्हणली, "आई, इथं माझा जीव रमंना. पण तू हायेस तवर मी कुणाला काही बोलणार न्हाई."

सोमवारी सकाळच्या गाडीनं सेलूला चाललेय. रिपोर्टची नक्कल घेतलीय. नांदायचं का परत कॉलेजात जायचं, ते ती ठरवील. तूबी ये. पाकिटाचं तू सांग, पिशवीचं मी सांगते. न्हाई आलास तर दोन्ही मीच सांगीन, तुझ्या मेव्हण्याच्या दारात, गल्ली गोळा करून.

तुझी न मेलेली,
विमलअक्का