न वितळलेले कण

५ फेब्रुवारी
साडेनऊला प्रयोगशाळेत कामावर. ग्रॅनाइटचे दोन नमुने फोडले – सकाळी टेकडीवरचा, दुपारी संशोधन करणाऱ्या मॅडमचा, नदीकाठचा. चाळून पिशव्या भरल्या. ताई काल पहाटे गेली. संध्याकाळपर्यंत स्मशानातलं सगळं उरकलं. इथे कोणाला काही बोललो नाही. बोलून काय होणार!

६ फेब्रुवारी
कुलूप न लावताच निघालो. बत्तीस वर्षं ताई घरी असायची, कुलपाची सवयच नाही. अर्ध्या रस्त्यातून परत.

१९ मार्च
मॅडम जिन्यावरून धावत खाली. "काका, सापडलं!" त्यांचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा, पण त्यात झिरकॉन खनिजाचे चार कण तीनशे तीस कोटींचे. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून वय निघतं. म्हणजे जमिनीखाली फार जुनं भूकवच आहे. ते वितळून हा दगड झाला, हे कण तेवढे वितळले नाहीत. आजवर कोणाला पत्ता नव्हता!
घार म्हणाली, "मॅडम हसल्या! काका, वहीत नोंदवा." (घार सूक्ष्मदर्शकाखाली कण वेचते. नजर तशी, म्हणून हे नाव.)

२० मार्च
टेकडीवरचा दगडही तीनशे तीस कोटींचाच. ताई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच आधी फोडला होता. मध्ये दगड फोडायच्या मशीनचे जबडे घासले का? ब्रश, हवा, स्पिरिट – काहीच आठवत नाही. कामाच्या वहीत साफ केल्याची खूण आहे. पण खुणा मी सकाळीच करून ठेवतो, अख्ख्या पानावर! चार कण अडकून राहायला कितीशी जागा लागते. मॅडमचा लेख आठवड्याभरात जातोय.

२२ मार्च
ताई म्हणायची, "मूग गिळून बसलास की तुला जेवण जात नाही." जात नाही.

२४ मार्च
मॅडमना सांगितलं. "तुमचा दगड फोडण्याआधी मशीन बहुतेक साफ केलं नव्हतं."
"तुम्ही? शक्यच नाही."
"आदल्या दिवशी बहीण गेली होती."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही कामावर आलात? घरी कोण असतं आता?"
कोणी नाही, म्हणालो. लेखाचा विषय त्यांनी बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "लेख थांबवते. त्या दगडाचा एक तुकडा उरलाय. तोही तुम्हीच फोडायचा."
बाहेर घार उभी. "दीड महिना! काका, तुमच्यापेक्षा दगड बरे. फोडल्यावर बोलतात तरी." चिडली होती. मग माझी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आली.

२५ मार्च
दोन तास जबडे घासले. उरलेसुरले कण निघावेत म्हणून आधी नुसता गारगोटीचा दगड दळून फेकला. मग तुकडा फोडला. घार उगाचच ब्रश धरून शेजारी. वहीतली खूण शेवटी केली.

१७ एप्रिल
या तुकड्यातही जुने कण आले. सात! म्हणजे त्या दिवशीही जबडे घासले असणार मी. मला आठवत नाही, हातांनी केलं. न सांगताही चाललं असतं.
घारीने विचारलं, "ताई कशा होत्या हो?" म्हटलं, उद्या डबा खाताना सांगतो.
घरी आलो. अजून ऊन होतं. तशीच पडलेली ताईची गादी गॅलरीत उन्हाला टाकली.