कांताताईंच्या पार्लरमधील कोलेजनची इंजेक्शने रविवारच्या आत थांबवण्याबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय, महागाव,
जि. यवतमाळ.

अर्जदार : कु. रुपाली डोंगरसिंग आडे, इयत्ता दहावी, रा. लालमाती तांडा, ता. महागाव.

विषय : डॉक्टर नसताना पार्लरमध्ये चेहऱ्याला टोचली जाणारी कोलेजनची इंजेक्शने थांबवणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने घरी, तांड्यात व खुद्द पार्लरमध्ये केलेल्या तोंडी विनंत्या. एकही मान्य झाली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयाबाबत अर्जदार सविस्तर लिहीत आहे, कारण थोडक्यात सांगून सांगून ती थकली आहे. थोडक्यात सांगितले की घरचे म्हणतात, "तुले काय समजते?" आणि सविस्तर सांगायला लागली की म्हणतात, "झालं हिचं भाषण सुरू." यंदा वक्तृत्व स्पर्धेत अर्जदाराचा पहिला नंबर आला, तेव्हापासून तिने पाणी मागितले तरी घरात त्याला भाषणच म्हणतात. म्हणून हा लेखी अर्ज.

१) अर्जदाराची काकी सौ. बबिता तांड्याच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. आपले गाल उतरले असे तिला वाटत होते; दुसऱ्या कोणालाही वाटत नव्हते. महागावला कांताताईंचे पार्लर आहे. कांताताई भुवया फार सुंदर करतात, त्याबद्दल अर्जदाराची काहीच तक्रार नाही. पण दिवाळीच्या आधी त्यांनी आरशावर पाटी लावली की, कोलेजन वाढवायचे इंजेक्शन मिळेल, चेहरा आतून भरून येईल. काकीने विचारले, "डॉक्टर येतात काय इथं?" कांताताई म्हणाल्या, "अवो, मी मोबाईलवर पुरा कोर्स केला. काहून घाबरून राह्यल्या?" बाटलीत पांढरी पूड होती. ती कांताताईंनी थंड पाण्याच्या जारमधले पाणी घालून कालवली आणि काकीच्या दोन्ही गालांत जागोजागी टोचली. अर्जदार सोबत होती, तेव्हा हे ऐकीव नाही.

२) घरी आल्यावर आजीने, म्हणजे सुखीबाईने, सुईच्या खुणा पाहिल्या आणि तिच्या हिशेबाने हे गोंदणच झाले. आजीच्या हातांवर आणि हनुवटीवर गोंदण आहे. गोंदल्यावर हळद-तेल चोळून शेकायचे, हे आमच्या तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांना कोणी शिकवावे लागत नाही. आजीने एरंडेलात हळद कालवून काकीचे गाल सकाळ-संध्याकाळ चोळले आणि वरून गरम फडक्याने शेकले. शेजारच्या बसंतीबाईही येऊन हात लावून गेल्या. आजी म्हणे, "जोर लावल्याबिगर रंग धरत नाही." कोणता रंग, हे कोणीच विचारले नाही.

३) आठवडाभरात गाल लाल झाले, मग गाठी आल्या, मग एका गाठीतून पू आला. कांताताईंना दाखवले तर म्हणाल्या, "आत कोलेजन काम करून राह्यलं, म्हणून गाठी. चांगलं लक्षण हाय." अखेर काकीला यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेले. तेथील त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमनी सगळे नीट समजावले. हे औषध म्हणजे विष नव्हे. पण ते शिकलेल्या डॉक्टरनेच, निर्जंतुक पाण्यात, नेमक्या प्रमाणात कालवून द्यायचे असते. बाटलीचे सील, नाव आणि मुदत आधी पेशंटला दाखवायची. तिला कशाची ॲलर्जी आहे का, जखमेचे वण फुगतात का, दिवस गेले आहेत का, हे विचारायचे. दोन-चार दिवस सूज, लाली, काळे-निळे डाग येऊ शकतात. परंतु गाठ राहिली, पू आला, ताप आला तर वाट पाहायची नाही. आणि टोचताना जागा पांढरी पडून खूप दुखले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच मिनिटाला दवाखाना, कारण रक्ताची नळी बंद झालेली असू शकते. टोचलेल्या जागी काय लावायचे, चोळायचे की नाही, हेही डॉक्टरच सांगणार. हे ऐकून काकी एवढेच म्हणाली, "मले यातलं एकबी कोणी इचारलं नाही, मॅडम."

४) काकी आता ओढणी पार नाकाच्या खाली ओढून अंगणवाडीत खिचडी वाढते. आमच्या घरात तोंड उघडे ठेवून कामाला जाणारी ती पहिली सून. लहान पोरं तिला ओळखत नाहीत, आणि ओढणी सरकली की रडतात. परवा एकाने विचारले, "आमची बबितामाय कुठं गेली?" तिने त्याच्या ताटात आणखी एक पळी खिचडी वाढली.

५) आता मुख्य तक्रार. तांड्यात सर्वांनी मिळून गुन्हेगार ठरवला आहे, तो म्हणजे आजी. कांताताई सांगत फिरतात, "इंजेक्शन बराबर होतं, बुढीनं चोळून वाट लावली." आजीलाही ते पटले आहे. तिने हळदीचा डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि सांगितले की यापुढे ती कोणाच्याही तोंडाला हात लावणार नाही. जारच्या पाण्याचे नाव कोणी काढत नाही. अर्जदाराने काढले, तर बाबा म्हणाले, "आजीची बाजू घेऊन राह्यली तू."

६) याच समजुतीवर अर्जदाराची मोठी बहीण उज्ज्वला येत्या रविवारी, दि. ७ रोजी, त्याच पार्लरमध्ये तेच इंजेक्शन घेणार आहे. तिचा साखरपुडा जवळ आला आहे. तिचे म्हणणे, "मी कुठं चोळणार हाय? मले काही होत नाही." डॉक्टर मॅडमचा कागद दाखवला तर म्हणाली, तो काकीच्या नावाचा आहे.

तरी रविवारच्या आत आपण स्वतः पार्लरची तपासणी करावी. ते न जमल्यास निदान शिक्क्याचा एक कागद द्यावा. आमच्या घरी पोरीचे ऐकत नाहीत, शिक्क्याचे ऐकतात. तेही न जमल्यास कळवण्याची तसदी घेऊ नये. अर्जदार रविवारी पार्लर उघडताच आत जाऊन बसेल. तिथे खुर्ची एकच आहे. आपण येईपर्यंत अर्जदार उठणार नाही. मात्र सोमवारी तिचा गणिताचा पेपर आहे, एवढे लक्षात घ्यावे.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,

आपली नम्र,
रुपाली डोंगरसिंग आडे
लालमाती तांडा, दि. ३ डिसेंबर २०२५

सोबत :
१) काकीच्या गालांचे फोटो (तिला विचारून काढले आहेत).
२) डॉक्टर मॅडमच्या कागदाची झेरॉक्स.
३) उज्ज्वलाचा फोटो, कालच काढलेला. हा चेहरा कृपया असाच राहू द्यावा.