थोरल्या बाबाचा शेंदूर

५ जानेवारी २०२५, रविवार

करंजगड झाला. जाऊन-येऊन चौसष्ट किलोमीटर सायकल, वर तासाभराची चढण. गुडघा दुखतोय. डोकं त्याहून जास्त!

यशराजनं आज देवडीतल्या दगडापुढं उभं राहून व्हिडिओ केला. गडाची कमान कधीच ढासळली, पहारेकऱ्यांची डावीकडची देवडी तेवढी शाबूत आहे. तिच्यात कमरेएवढा एक दगड, शेंदरानं माखलेला. पायथ्याच्या वस्तीवरचे धनगर त्याला थोरला बाबा म्हणतात. दर अमावस्येला तेलात कालवून शेंदूर चढवतात. किती पिढ्या, त्यांनाही माहीत नाही. दगड कुठं संपतो आणि शेंदूर कुठं सुरू होतो, कळत नाही.

त्याखाली वीरगळ आहे — लढाईत पडलेल्या कुणाचा तरी कोरीव दगड — हे २००९ साली मी ओळखलं. मी! तळाशी टवका उडाला होता, त्यात घोड्याचा खूर दिसला. बोटाच्या पेराएवढा. तेवढा मी वहीत काढून घेतला, पुढच्या अमावस्येला तो बुजला. सोळा वर्षं मी हे आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांना सांगतोय. आणि आज हे आष्ट्याचं पोरगं, बत्तीस वर्षांचं, दोन वर्षांपूर्वी सायकल घेतलेलं, कॅमेऱ्यात बघून म्हणतं — "मित्रांनो, मला बरेच दिवस संशय आहे..."

तुला? संशय?

६ जानेवारी

चाळीस हजार लोकांनी बघितला. शाळेत स्टाफरूममध्ये मलाच दाखवला. "सर, तुम्ही पण जाता ना या गडावर?" जातो, म्हटलं.

शेवटी शेवटी म्हणतो, "आमच्या ग्रुपमधले एक सर पण असंच म्हणतात." एक सर! लालासाहेब म्हणायला जीभ अडखळते काय? आणि अगदी शेवटचं वाक्य: एक दिवस हा शेंदूर निघेल आणि मग खरं काय ते दिसेल. हेसुद्धा माझंच वाक्य. गेल्या वर्षी टपरीवर चहा पिताना बोललो होतो.

८ जानेवारी

बायको, माया, म्हणते, एवढं लागलंय तर त्याला फोन करून सरळ सांगा की. मी काय नावाची भीक मागू?

१२ जानेवारी, रविवार

घाटात सायकल रेटेना. यशराज मागून आला, माझ्या पाठीला हात लावून ढकलत वर घेऊन गेला, वर शेंगदाण्याची चिक्की दिली. "सर, दमलात का?" बाकीचे हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले.

उतरल्यावर नेहमीप्रमाणं हरणाबाईंच्या दारात चहा. सत्तरीची बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, शेरडं राखून राहते. मी एकटा यायचो तेव्हापासून हिच्या हातचा चहा पितोय. ती मला मास्तर म्हणते, यशराजला लेकरा. त्याच्या आईच्या पाठदुखीची चौकशी करते. माझ्या गुडघ्याची नाही केली.

तिचा पुतण्या दादासो तिथंच होता, वस्तीचा कारभार तोच बघतो. यशराजनं त्याला विचारलं — पुण्याहून एक जाणकार बाई आणतो, नुसतं बघतील, तुमच्या परवानगीशिवाय बोटसुद्धा लावणार नाहीत. चालेल का? दादासो म्हणाला, सगळ्यांना विचारून सांगतो. नाही म्हणाला नाही!

म्हणजे पुढच्या महिन्यात पुण्याची बाई येणार. कागदावर नावं दोन, तिचं आणि त्याचं. मी तिथं चिक्की खात उभा.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. शाळेला सुट्टी. वस्तीवरच्या बाया सकाळी सुगडं घेऊन देवळात ओवसायला जाणार, मग घरोघर वाण. पुरुष यात्रेला. गडावर चिटपाखरू नसणार.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

लिहू का नको, असं चाललंय. लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगणार?

मायाला सांगितलं, आळसंदला एकाकडं जाऊन येतो. सणाच्या दिवशी कसलं काम, म्हणाली. थर्मासमध्ये गरम पाणी, चित्रकलेच्या कपाटातली लाकडी पट्टी, कापूस, वही. सायकल करंजाच्या झुडपात ठेवली. वर दहाला पोचलो. कोणी नाही.

मी काही अडाणी नाही. पट्टी कडेनं हलके सारायची, गरम पाणी मुरू द्यायचं, घाई करायची नाही. तासभर तसंच केलं. बोटभर जाड थर. मग वरच्या अंगाला काहीतरी सुटलं आणि पुढचा सगळा पापुद्रा एकदम हातात आला. परातीएवढा, जड.

त्याच्या आतल्या बाजूला सगळं होतं! घोडा. वर माणूस, तलवार उगारलेली. खाली दोन बाया. घोड्याच्या गळ्यातली माळसुद्धा, मणी मोजता येतील अशी. फक्त सगळं खोलगट, साच्यात असतं तसं.

दगडाकडं बघितलं. दगडावर काही नाही. नुसता भुगा. हात लावला तर वाळूसारखा खाली आला. दगड आतून कधीच कुजला होता. शेंदरानंच त्याला धरून ठेवलं होतं, आणि कोरलेलं सगळं शेंदराबरोबर निघून आलं.

परत बसवावं म्हणून उचलला. ओल्या हातातून निसटला. तीन तुकडे, आणि घोड्याचा तर चुराच.

चित्र काढायला वही नेली होती. काढलं नाही. फोटोही नाही. तुकडे दगडाला टेकवून ठेवले आणि उतरलो. जगात ती माळ एकट्या मी बघितली, दोन मिनिटं. आता कुणाला खरं वाटणार?

मायानं तिळगूळ दिला. बाहीवर हे भगवं कसलं, म्हणाली. शाळेचा रंग, म्हटलं. चित्रकलेचा मास्तर असण्याचा हा एक फायदा.

१५ जानेवारी

ताप आल्यासारखं वाटतंय. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवतं.

१९ जानेवारी, रविवार

जायचं नव्हतं. पण आजच गेलो नाही तर दिसून येईल, म्हणून गेलो.

पायथ्यालाच माणसं उभी. पंधरा-वीस. दादासो पुढं. आम्ही सायकलीवरून उतरायच्या आत त्यानं यशराजच्या हँडलला हात घातला. व्हिडिओ वस्तीवर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. शेंदूर एक दिवस निघेल असं कोण बोललं? हाच बोलला. मग दुसऱ्या कुणाला शोधायचं?

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात यशराजच बोलला.

"मी न्हाई काढला, आईशप्पत. पण माझा व्हिडिओ बघूनच कुणीतरी काढला असणार. म्हणजे माझ्यामुळंच झालं. चूक माझीच हाय दादा."

बूट काढून, अनवाणी, सगळ्यांच्या पाया पडला. रडला. पोरगं माफी मागतानाही रुबाबदार दिसतं! लोकांचा आवाज खाली आला. माझ्या मनात काय आलं लिहितो, लाज वाटली तरी — हेही यानंच नेलं. शोध माझा, तो यानं नेला. पाप माझं, तेही यानंच नेलं. मला म्हणून काही ठेवायचंच नाही असं ठरवलंय की काय यानं?

दादासोनं निकाल दिला. पोलिसात जायचं नाही. पण आष्ट्याच्या पोरानं पुन्हा गडावर पाय ठेवायचा नाही.

तो एकटाच परत गेला. आम्ही बाकीचे हरणाबाईंच्या दारात बसलो. तिनं चहा दिला. माझ्या कपात साखर जरा जास्तच होती.

२० जानेवारी

यशराजनं सगळे व्हिडिओ काढून टाकले. दोन वर्षांतले सगळे, एकोणतीस गड. पान बंद. मला आनंद व्हायला हवा होता.

२२ जानेवारी

त्याचा फोन. आवाज बसलेला. "सर, तुमचं ते ऐकतात. माझ्यासाठी एक शब्द टाकता का? व्हिडिओ नको, काय नको. नुसतं वर येऊ द्या म्हणावं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्या व्हिडिओत तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं. तुम्हाला चालेल का नाही, विचारायचं राहून गेलं. सॉरी, सर."

बघतो, म्हटलं.

त्यानं हे बोलायला नको होतं. अडीच आठवडे मी त्याच्यावर जळत होतो, त्या जळण्यालाच सुरुंग लागला. आता काय करू? आपुलकीनं बोलणाऱ्या माणसाचा राग राग करणं किती जड जातं!

२४ जानेवारी

दादासो शाळेत आला. मला वाटलं संपलं. मुलांना फळा पुसायला सांगून बाहेर आलो.

तो आमंत्रण द्यायला आला होता! बुधवारी अमावस्या. तुकडे चुन्यात बसवून बाबाला पुन्हा शेंदूर चढवायचा, आणि पहिला हात मी लावायचा. वस्तीनं ठरवलंय. "तुमी कवा बाबाम्होरं चपला घालून गेला न्हाईसा मास्तर. त्या पोरासारकी तुमची जात न्हाई."

तिथंच सांगायला हवं होतं. व्हरांड्यात, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. मी म्हटलं, "येतो."

मायाला कळलं तशी केवढी खूश! सोळा वर्षांनी कुणीतरी मान दिला तुम्हाला, म्हणाली. इस्त्रीला पांढरा सदरा काढलाय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, त्यामुळं सायकल नाही. भाषणात मुलांना सांगितलं की खरं बोलायला छाती लागते. दरवर्षी हेच सांगतो. आज मधेच पाणी मागितलं.

ठरवलंय. बुधवारी वाटी हातात घ्यायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं. मारतील तर मारू देत. वाक्यंसुद्धा पाठ केलीत.

२८ जानेवारी

यशराजचा मेसेज — "सर, उद्या तुम्ही शेंदूर लावणार असं कळलं. लय बरं वाटलं. योग्य माणूस."

वाक्यं पुन्हा एकदा म्हणून बघितली.

२९ जानेवारी, बुधवार, अमावस्या

शेंदूर लागला. पहिला हात माझा.

सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात हरणाबाई वाटी घेऊन पुढं आली. हातात देताना वाकली आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं बोलली. "काडलासा तुमीच, लावा बी तुमीच. संक्रांतीला मी शेरडं घिऊन वरच हुते, मास्तर. आमास्नी कुटलं आलंय वाण?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मागून कोणीतरी म्हणालं, लावा सर. मी लावला. लोकांनी हात जोडले.

म्हणजे त्या रविवारी चहा देताना तिला माहीत होतं. यशराज पाया पडत होता तेव्हाही माहीत होतं. गप्प बसली, मी बोलतो का बघत.

निघताना ती पायवाटेपर्यंत आली. रागावली नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "त्या आष्ट्याच्या लेकराला कवा घिऊन येतासा वर?"