कोपरा फाडलेलं पत्र

हिंगोली, ता. १२ जानेवारी १९४७

वन्संना कालिंदीचा नमस्कार.

पत्र उंबऱ्याबाहेर वाचावे. आपले बंधू राधाकृष्ण काल सकाळी अकस्मात वारले. छातीत कळ आली, वैद्य येईपर्यंत सारे संपले. आईंच्या डोळ्यांचे पाणी खळत नाही. इथले सर्व पार पडले आहे, तुम्ही निघून येऊ नये. पत्र वाचून फाडून टाकावे.

लोभ असावा ही विनंती.

कालिंदी


॥ श्री ॥
वसमत, ता. १५ जानेवारी

चि. सौ. कालिंदीस अनुसूयेचे आशीर्वाद. सौ. मुद्दाम ठळक लिहिलं आहे.

पत्राचा फाडलेला कोपरा बघूनच मरणाची बातमी आहे हे कळलं. ओसरीखाली उतरून वाचलं. पण शेवटाला आले तर लोभ असावा. अगं, कालच कुंकू पुसलेली बाई नणंदेकडं लोभ मागते काय? तिथंच सगळं ध्यानात आलं. राधूच्या डोक्यावर कावळा बसला असणार आणि आईनं तुझ्या हाती टाक दिला असणार.

मी लहान असताना मामाच्या डोक्यावर कावळा बसला, तेव्हाही तिनं मामीच्या माहेरी असंच पत्र घातलं होतं. दूरच्या माणसानं खरं समजून रडावं, म्हणजे संकट टळतं. मग बातमी खोटी होती म्हणून दुसरं पत्र घालायचं. दुसरं पत्र पोचेतो मामीची आई तीन दिवस जेवली नाही, आणि पुढं वर्षभर आमच्या आईशी बोलली नाही.

मी काही रडले नाही. हसू आलं. आईला सांग, पोरीला चार बुकं शिकवलीस ना, मग भोग आता. संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा सोडून मरण पाठवता, धन्य आहे तुमची. राधूच्या कला पथकाचा खेळ वसमतला कधी आहे ते कळव. मेलेल्या माणसासाठी पुरणाचा घाट घालून ठेवते.

आईला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, मागायला नको.

तुझी, अनुसूया


॥ श्री ॥
हिंगोली, ता. १९ जानेवारी

सौ. वन्संना कालिंदीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमी हसलात हे मी आईंना वाचून दाखवलं, तीच चूक झाली. तेव्हापासून त्या घासभर खातात अन् उठतात.

झालं असं, यांनी सिनेमाचा पडदा धुऊन गच्चीवर वाळत घातला होता. पडदा म्हणजे यांचीच दोन धोतरं, मी मधून शिवलेली. घडी करताना कावळा येऊन बराबर डोक्यावर बसला. चोच मारली न्हाई, नुसता बसून राहिला. आईंनी खालून बघितलं.

सरकी कारखान्यांचा हंगाम आहे तोवर चार खेळ करायचे असं पथकाचं ठरलं आहे. पहिला इथंच कारखान्याच्या आवारात झाला. मुंबईच्या गिरणीतल्या मजुरांचा बोलपट आणला आहे, यंत्राला हातानं दांडा फिरवावा लागतो अन् आवाज मधेच बसतो. मग धुरपताबाई गातात. त्या हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला असतात, गाणी स्वतःच रचतात. दिवसभर वाफ अंगावर घेऊन मालकाच्या लेकीच्या लग्नाला हळद पुरवली अन् स्वतःच्या लेकीला लावायला राहिली न्हाई, असं एक गाणं आहे. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. वन्सं, मीबी रडले.

तिसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. उरलेले खेळ केलेस तर घरी परतणार न्हाईस. सही न्हाई. यांनी ती चिठ्ठी घडी करून यंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. मी म्हटलं काहून असं करता, तर म्हणाले, कागद चांगला जाड आहे.

वन्सं, एकदा रडा. खोटं रडलं तर चालंल का असं आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, न्हाई, मेलाच असं समजून रडायला पाहिजे. आता तुमी ओळखल्यावर ते कसं व्हायचं? लोभ असावा असं लिहिलं तो माझा हात, सवयीनं लिहून गेला. मला झोप न्हाई.

२७ तारखेला वसमतला खेळ आहे. यांना तिथंच ठेवून घ्या, पुढच्या खेळाला हट्टा गावी जाऊ देऊ नका.

आपला लोभ आहे तो तसाच राहू द्यावा.

कालिंदी


॥ श्री ॥
वसमत, ता. २९ जानेवारी

चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद.

खेळ छान झाला. राधू आमच्याकडंच उतरला, सहा पोळ्या खाल्ल्या. आमचे घरचे सरकारी नोकरीत, तेव्हा मफलरीत तोंड गुंडाळून सगळ्यांच्या मागं बसले. तरी कारकून मंडळींनी ओळखलंच.

आता जे लिहिते ते आईला वाचून दाखवू नकोस. लिंबाखाली दोन माणसं काठ्या घेऊन पहिल्यापासून उभी होती. पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. राधू जाईल तिकडं त्यांची मान फिरत होती.

सकाळी मी त्याला म्हटलं, हट्ट्याचा खेळ राहू दे. तो म्हणाला, अक्का, तू आईसारखं बोलायला लागलीस, कावळ्याला हसणारी तूच ना? हट्ट्याला माणसं वाट बघून राहिली आहेत, असं म्हणून यंत्र बैलगाडीत चढवलं, धुरपताबाईंना पुढं बसवलं आणि गेला. मी वेशीपर्यंत गेले होते.

परवा तो हिंगोलीला पोचेल. पोचताच दोन ओळी टाक.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मीच करते आहे.

तुझी, अनुसूया


॥ श्री ॥
हिंगोली, ता. ४ फेब्रुवारी

सौ. वन्संना नमस्कार.

हे आले न्हाईत. आज पाचवा दिवस.

धुरपताबाई काल पायी आल्या. पाय सुजलेत. हट्ट्याला बोलपट अर्ध्यावर असताना माणसं घुसली, यंत्र फोडलं. लोक पळाले. यांनी धुरपताबाईंना मागल्या अंगानं बाहेर काढलं अन् स्वतः सापडले. गाडीत घालून नेलं, कुणी नेलं ते ठाऊक न्हाई. पडद्याचा अर्धा भाग धुरपताबाईंनी आणला, एक धोतर. माझी शिवण उसवली आहे. ठाण्यावर विचारलं तर म्हणतात, असा माणूस आमच्याकडं न्हाई.

आईंनी मला एकच विचारलं, अनुसूया रडली होती का गं? मी व्हय म्हणाले. खोटं बोलले, माफ करा.

काय करू ते लिहा.

कालिंदी


॥ श्री ॥
वसमत, ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. कालिंदीस अनुसूयेचे आशीर्वाद.

तुझं पत्र ओसरीखाली उतरून वाचलं. आमचे घरचे आजच हट्ट्याला निघाले आहेत, नोकरीची पर्वा न करता. तिथून पुढं माग काढतील.

बाई, तू आईशी खोटं बोलली नाहीस. आज मी रडले. ते गेल्यावर तुझं पहिलं पत्र काढलं. फाडायचं ते फाडलं नव्हतं, राधूला दाखवून हसायचं म्हणून फडताळात ठेवलं होतं. आज ते पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा खरं वाटलं. कशी रडले ते मला आठवत नाही. गल्लीतल्या बायका धावत आल्या, कोण गेलं विचारू लागल्या. माझा भाऊ गेला, मी सांगितलं. शेजारच्या द्वारकाबाईंनी मला धरून अंघोळ घातली. आईला विचार, उशिरा रडलेलं चालतं का. पण खरं समजून रडले हे तिला नक्की सांग. त्यात कुठं लबाडी नव्हती.

आता रीतीप्रमाणं तुझं दुसरं पत्र यायला हवं, बातमी खोटी होती म्हणून. टपालवाला दुपारी येतो, मी सकाळपासून दारात बसते. हाती घेतलं की आधी कोपरा बघीन. दोन ओळी पुरेत, अक्षर कसंही चालेल. फक्त शेवटी लोभ असावा असं लिहायला विसरू नकोस.

तुझी, अनुसूया